राहिलेला पेपर

३ ऑगस्ट

घरात तोंड उघडलं की ही म्हणते, "अहो, तेच तेच किती वेळा ऐकवाल?" म्हणून आजपासून वहीला ऐकवायचं ठरवलंय. वही निदान बोलणं अर्ध्यावर सोडून कुकर बंद करायला उठत नाही.

आज मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. चोवीस वर्षं मी या शाळेत गणित शिकवतोय आणि चोवीस वर्षं 'तात्पुरता' आहे. दर वर्षी नेमणूक पुढे ढकलतात. आता वरून नियम आलाय. पदवी नसेल त्याला वर्षाअखेर नारळ, असेल त्याला कायम करणार. "तुमचा एकच पेपर राहिलाय ना?" बाई म्हणाल्या. "मग देऊन टाका की!" जसं काही दळण आणायला सांगतायत.

एकच पेपर, डिफरन्शियल इक्वेशन्स. तेव्हा तो राहिला, तेवढ्यात नोकरी लागली, पुढे कुणी विचारलं नाही आणि मीही आठवण काढली नाही. विद्यापीठात चौकशी केली. जुन्या लोकांना शेवटची एक संधी आहे, पण नव्या पोरांबरोबर वर्गात बसायचं, हजेरी सक्तीची. म्हणजे बावन्नाव्या वर्षी पाठीला दप्तर. मला वाटलं ही हसेल. पण म्हणाली, "तुम्हाला काय अवघड आहे? गणित तर तुमच्या हातचा मळ." जरा बरं वाटलं.

९ ऑगस्ट

पहिला तास. सकाळी आठचा. जिने चढून खोली सापडेपर्यंत उशीर झाला. दार ढकललं तर फळ्यापाशी चिमणी!

चिमणी म्हणजे माझी आठवीतली विद्यार्थिनी. आवाज इतका बारीक की शाळेत सगळे तिला चिमणीच म्हणायचे. गणितात मात्र वाघीण होती. ती डॉक्टरेट वगैरे झाल्याचं ऐकलं होतं, पण इथे, याच विषयाला, माझ्याच नशिबी? मला बघितल्यावर तिचा खडू थांबला. चटकन सरळ उभी राहिली, हात मागे घेतले आणि म्हणाली, "या सर."

अख्खा वर्ग खदाखदा हसला. मास्तरीणच विद्यार्थ्याला सर म्हणते म्हटल्यावर पोरं हसणारच. काय अडलं होतं तिचं? गप्प बस म्हणून खूण केली असती तरी मी मुकाट बसलो असतो. गुरूची विद्या गुरूला असं आपण नुसतं म्हणतो. आज चांगलं भोगलं. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि तासभर मान वर केली नाही.

११ ऑगस्ट

एक नवीनच पेच. पोरं तिला मॅडम म्हणतात. माझ्या तोंडून ते निघेना. जिला मी पहिली कंपास धरायला शिकवली, तिला मॅडम? बरं, "अगं" म्हणावं तर तेही शोभत नाही. शेवटी विचारलं, "ती तिसरी ओळ जरा पुन्हा सांगता येईल का?" कुणाला उद्देशून ते वाक्यात नाहीच. आता परीक्षेपर्यंत हे असंच चालवायचं.

तिने तिसरी ओळ सांगितली. दोनदा सांगितली. एकदाच पुरली असती.

२४ ऑगस्ट

ही बाई शिकवते कशी ते लिहून ठेवतो. मी तीस पोरांना पास करतो ते असं: गणित बघा, प्रकार ओळखा, सूत्र लावा, उत्तराभोवती चौकट, पुढचं गणित. इथे उलटाच कारभार. टाकीत मीठ आहे, वरून साधं पाणी येतंय, खालून खारं पाणी जातंय. तर म्हणे आधी सांगा, मीठ वाढेल की कमी होईल? का? कशावरून? वीस मिनिटं नुसत्या गप्पा. समीकरण मांडायच्या आधीच निम्मा तास गेला. मला सूत्र पाठ होतं, मी केव्हाच उत्तर काढून बसलो होतो. तिने सगळ्यांना विचारलं, मला नाही. माझ्या बाकापाशी येऊन माझ्या वहीत डोकावली, एक क्षण थांबली आणि पुढे गेली. विचारायची लायकी नाही असंच समजत असेल.

शेजारी एक जाड चष्म्याची मुलगी बसते. तोंडाचा पट्टा सतत चालू. तिच्याकडून कळलं की शंका विचारायची मॅडमची वेळ आधी दुपारी दोनची होती, सगळ्यांना सोयीची. आता साडेचारची केलीय. "एवढा वेळ कोण थांबणार, काका? एकट्याच बसून असतात बिचाऱ्या."

नियोजन म्हणून नाही काही. आमची शाळा चारला सुटते, तिथे असला गोंधळ एक दिवस चालणार नाही.

१३ सप्टेंबर

ही औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे काल चिमणी आली होती म्हणे, खोकल्याचं औषध घ्यायला. दोघींच्या अर्धा तास गप्पा. रात्री मला वाढता वाढता ही सांगायला लागली, "किती साधी आहे हो. म्हणाली, मी गणित घेतलं ते सरांमुळे. आणि म्हणाली, सरांना सांगा, केव्हाही या, मी थांबते."

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणालो.

"मग जा ना एकदा. विचारलं तर काय झिजणार आहात?"

मी जेवणाकडे लक्ष दिलं. चोवीस वर्षं पोरं माझ्या दारात शंका घेऊन उभी राहिली. आता मी चिमणीच्या दारात वही घेऊन उभा राहू? तसं अडतही नाही फारसं. कुठे कुठे अडतं. ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." हिला म्हणींचा फार उत्साह आहे.

४ ऑक्टोबर

सहामाहीची चाचणी झाली. तीस मार्कांची. पेपर सोपा होता. वेळेआधी देऊन बाहेर पडलो. पोरं अजून डोकं खाजवत होती.

१५ ऑक्टोबर

आजचा दिवस विसरणार नाही.

चाचणीचे पेपर वाटले. एकेकाचं नाव घेऊन दिले. माझा आला नाही. सगळे वाटून झाल्यावर ती माझ्या बाकाकडे आली आणि हळू म्हणाली, "सर, तुमचा माझ्या खोलीत आहे. सवडीने घ्याल का?"

म्हणजे काय? मी काय वेगळा आहे? सगळ्यांचे इथे आणि माझा खोलीत? माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने म्हणालो, "इथेच मिळाला तर बरं होईल. लपवण्यासारखं काही नाही." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतून पेपर काढून दिला. पिशवीतच होता, खोलीत नव्हता! खोटं बोलणं बघा.

तीसपैकी अकरा. चष्मेवालीने बघितलं, पुढच्या बाकावरच्यांनी मान वळवून बघितलं.

पहिल्या गणितात y वर्गाने भागलं आणि पुढे सगळं बरोबर सोडवलं. उत्तर बरोबर, चौकटीत. बाजूला तिच्या बारीक अक्षरात: 'y शून्य असेल तर? तेही उत्तर आहे. भागताना हरवलं.' दोन मार्क कापले. शून्य हे काय उत्तर आहे? सगळीकडे नुसतं शून्य, कुणाला लागतंय ते? आणि टाकीचं उत्तर सूत्राने एका ओळीत काढलं तर 'कसं आलं?' म्हणून निम्मे मार्क.

पण राग आला तो दुसऱ्याच गणिताचा. तिथे माझं उत्तर चक्क चुकलं होतं. बेरीज चुकली. आणि तरी तिने सहापैकी चार दिले. 'मांडणी बरोबर.' मी असतो तर शून्य दिलं असतं. माझा वर्गात नियमच आहे, उत्तर चूक तर गणित चूक. चुकलेल्या उत्तराला चार मार्क म्हणजे भीकच की. बरोबर उत्तराला कापायचे आणि चुकलेल्याला वाढायचे, याला तपासणं म्हणतात का? एकतर डूख धरून आहे, नाहीतर कीव करतेय. दोन्ही मला नको.

१८ ऑक्टोबर

तीन दिवस झोप नाही. हिशोब असा आहे: शंभरात चाळीस हवेत, अकरा झाले, म्हणजे सत्तरच्या पेपरात एकोणतीस. ते मिळवीन. पण तपासणारी तीच असेल तर काय भरवसा?

आज विभागप्रमुखांकडे अर्ज दिला. 'सदर प्राध्यापिकेशी पूर्वपरिचय असल्याने निःपक्षपाती तपासणीसाठी माझा पेपर अन्य परीक्षकाकडे द्यावा.' चांगला मुद्देसूद लिहिला. विभागप्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाले, "तक्रार आहे का तुमची तिच्याविरुद्ध?" मी म्हणालो, "तक्रार नाही, विनंती." ते म्हणाले, "एकदा दिलात की मागे घेता येणार नाही." म्हटलं, घ्यायचाच नाहीये.

हिला सांगितलं नाही. उगाच चार गोष्टी ऐकवील.

२६ ऑक्टोबर

अर्ज मंजूर. चिमणीनेही सही केली म्हणे. माझा पेपर एका निवृत्त प्राध्यापकाकडे जाणार. म्हातारा भयंकर कडक आहे, चष्मेवाली सांगत होती, तिच्या मोठ्या भावाला त्याने दोनदा घरी बसवलं. बरं झालं. कडक माणूस कधी पक्षपात करत नाही. मी स्वतः कडक आहे, मला ठाऊक आहे.

जिन्यात ती समोर आली. बाजूला सरकून मला आधी जाऊ दिलं. मग मागून म्हणाली, "सर, मला नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मीच लिहून दिलं असतं." आवाज अगदी शाळेतला, बारीक. मी "हं" केलं आणि उतरलो. नंतर दिवसभर कसंसंच वाटत राहिलं. कशाला, ते कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज खरं लिहितो, वहीच आहे ही. टाकीचं गणित मला आज समजलं.

म्हणजे उत्तर मला आधीपासून येत होतं. पण आज तिने पुन्हा तेच काढलं आणि विचारलं, "मीठ कमी कमी होत जातं, पण संपतं कधी?" आणि मी उठून बोललो. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं, "संपतच नाही. जेवढं उरतं त्याच्याच हिशोबाने जातं." ती हसली. "बरोबर, सर," म्हणाली. या वेळी वर्गातलं कुणी हसलं नाही. त्या सूत्रातली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे ते मला दिसलं. चोवीस वर्षं शिकवून असं कधी झालं नव्हतं. बाहेर पडताना चष्मेवाली म्हणाली, "काका, आज जोरात!" मी तिला कँटीनमध्ये चहा पाजला.

साडेचारला जावं असं क्षणभर मनात आलं. पण अर्ज देऊन बसल्यावर आता कोणत्या तोंडाने जाणार?

३० नोव्हेंबर

शेवटचा तास. तिने सगळी उजळणी घेतली आणि नेमके माझे कच्चे प्रकार घेतले. योगायोग. शेवटी खडू ठेवला आणि फळ्याकडेच बघत म्हणाली, "एक लक्षात ठेवा. काही परीक्षक फक्त उत्तर बघतात. मांडणी कितीही चांगली असली तरी. सोडवून झालं की सगळा वेळ आकडे तपासण्यात घालवा. साधी बेरीज, साधा भागाकार. दोनदा तपासा."

चष्मेवाली म्हणाली, "पण मॅडम, आमचे तर तुम्हीच तपासणार ना?"

"तरी," ती म्हणाली.

मला हसू आलं. साधा भागाकार तपासा, हे मी पाचवीच्या पोरांना सांगतो. विद्यापीठात हे शिकवतात आणि वर पगार घेतात.

१० डिसेंबर

पेपर झाला. झकास! सातही गणितं सोडवली. प्रकार ओळखून नाही, मांडून सोडवली, तिच्याच पद्धतीने, पायरीपायरीने. हवं ते करा म्हटलं तरी नापास करता येणार नाही असा पेपर आहे. वीस मिनिटं उरली. मग पट्टी काढली आणि प्रत्येक उत्तराभोवती छान चौकट आखली, दुहेरी रेघेची. पेपर कसा बघत राहावासा दिसत होता.

घरी आल्यावर हिला म्हणालो, "मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला हरकत नाही." ही म्हणाली, "निकाल लागू दे आधी." पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, खूश होती. दुकानातून येताना माझ्यासाठी नवा शर्ट आणला. कायम झाल्याच्या दिवशी घालायचा म्हणाली.

८ जानेवारी

निकाल. अकरा आणि बावीस. तेहेतीस.

सात कमी.

१० जानेवारी

घरी सांगितलेलं नाही. निकाल लांबला म्हणालो. पेपर बघायला मिळतो, त्याचा अर्ज केलाय. कुठेतरी बेरीज चुकली असणार. सत्तरपैकी बावीस, शक्यच नाही.

१५ जानेवारी

पेपर बघितला.

नियमाप्रमाणे विषय शिकवणाऱ्याने समोर बसायचं असतं. म्हणजे चिमणी. टेबलाच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, मध्ये माझा पेपर. तिने तो माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

टाकीचं गणित. मांडणी पहिल्या ओळीपासून बरोबर. मग शंभर लिटरच्या टाकीतून मिनिटाला चार लिटर, म्हणजे शंभरात चार. मी लिहिलंय, एक विसांश. पंचविसांश हवं. आठवीचं पोर चुकणार नाही तिथे मी चुकलो. पुढे त्या एक विसांशाने दीड पान सगळं चोख. आणि खाली माझ्या दुहेरी चौकटीवर लाल फुली. दहापैकी शून्य. पुढच्या गणितात एक उणे चिन्ह दुसऱ्या ओळीत गळलं, पुढे सगळं बरोबर, फुली, शून्य. आणखी एक तसंच. म्हाताऱ्याने कुठेही काही लिहिलेलं नाही. उत्तर बघितलंय आणि पुढे गेलाय. मी असाच तपासतो. माझ्या वर्गातल्या पोरांचे गठ्ठे मी एका संध्याकाळी संपवतो ते असेच.

तिच्या पद्धतीने मोजायला मला आता कुणाची गरज नव्हती. इथे नऊ, इथे आठ, इथे सात. मी मनात बेरीज केली. पास होऊन वर सतरा उरत होते.

मी विचारलं, "फेरतपासणी?"

"करता येते," ती म्हणाली. "पण मी करू शकत नाही, सर. तुमच्या अर्जामुळे. पुन्हा त्यांच्याकडेच जाईल."

"तुम्ही किती दिले असते?" पहिल्यांदा तिला तुम्ही म्हणालो. तोंडातून गेलं.

"ते आता नका मोजू, सर." तिचे डोळे भरले होते. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलंय की काय असं वाटलं. मला तिचा राग यायला हवा होता. शोधला, पण सापडला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी मुद्देसूद अर्ज करून घेतलं. "येतो," म्हणालो. ती उठून उभी राहिली, मी दाराबाहेर जाईपर्यंत उभी होती.

१६ जानेवारी

सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. वर्षाअखेरपर्यंत राहा म्हणाल्या, आणि नवे शिक्षक येतील त्यांना वर्ग समजावून द्या, पोरं तुमच्या सवयीची आहेत. हो म्हणालो. दहावीचा तास घेतला. वहीत एकाची बेरीज चुकली होती, पुढे सगळं बरोबर. लाल पेन हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. ते पोर घाबरलं. त्याला चार मार्क दिले, तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली, सरांना काय झालं म्हणून.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली, बसली. मग म्हणाली, "पण पेपर चांगला गेला होता ना तुमचा?"

मी तिला सगळं सांगितलं. एक विसांश, उणे चिन्ह, म्हाताऱ्याच्या फुल्या. फक्त अर्जाचं सांगितलं नाही. सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

ती भडकली. "असं कसं? वर्ग तिचा, शिकवलं तिने, पेपर तिने काढला, मग तपासायला हा म्हातारा कुठून उपटला?"

"विद्यापीठाचे नियम असतात," मी म्हणालो.

"आग लागो त्या नियमांना! तिच्या हातात असता तर तिने न्याय केला असता. माझी खात्री आहे. इतकी जीव लावून बोलते तुमच्याबद्दल. दुकानात आली की विचारतेच तिला, कुणी केलं हे असं."

"नको विचारूस."

"का?"

मी म्हणालो, "तिला वाईट वाटेल."

"तेही खरंच," ही म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.